पिंपातली माफी

संक्रांतीच्या दुपारी सारजाबाईच्या मोबाईलवर नवऱ्याची माफी आली. 'कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा. तिळगूळ घ्या.' शेजारी गेनबाचाच फोटो आणि खाली 'ऑनलाइन'. गेनबा मात्र समोर ओसरीवर घोरत होता.

एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी माफी मागितली नव्हती. म्हणजे पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं. तिने त्याला गदागदा हलवलं.

"हितं कोन झोपलंय?"

"मी."

"मग मोबाईलात कोन हाय?"

हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. पण त्यांना सारजाबाईला उत्तर द्यायचं नव्हतं. गेनबा घाबरून उठला. "माजा मोबाईल परवा म्हशीच्या टाकीत पडला. तवापस्नं तांदळाच्या पिंपात वाळतोय. तूच ठिवलास की!"

तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातला. मोबाईल होता, तोही बंद. संशय आणखीच वाढला. "मग दुसरा कुठं लपिवलाय? आन कुनासाठी?"

"भैरवनाथाची आन! मी कुनाची माफी मागत न्हाई, आन खोटंबी बोलत न्हाई."

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. उत्रोलीला राहणारा गेनबाचा धाकटा भाऊ, चिमाजी. गेनबाने लेकीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव घातलं नव्हतं, त्या भांडणापासून सहा वर्षं बोलणं बंद. चिमाजी सरळ पाया पडला.

"दादा, तुजा मेसेज वाचला आन ऱ्हावलं न्हाई बग."

भावाला बघून गेनबाला खरंच फार बरं वाटलं. गप्प बसलं तर भाऊ मिळत होता. सारजाबाईही मागून 'गप बसा' असं खुणावत होती. पण भैरवनाथाची शपथ आत्ताच घेतलेली.

"चिमा, ती माफी म्या न्हाई धाडली," म्हणत त्याने पिंप उघडून दाखवलं.

चिमाजीने डोकं खाजवलं. "मागं भोरात कागदाची प्रिंट काढाया गेलावतास का?"

"व्हय. दुकानातल्या नूतननं मोबाईल कंप्युटरला जोडलावता."

"तुजं व्हॉट्सॅप तिच्या कंप्युटरवर तसंच उघडं ऱ्हायलं. तिनं आपलंच समजून समद्यांना मेसेज धाडला!"

चिमाजीने गाडीची किल्ली काढली आणि थांबला. "म्हंजी माजं उत्तर तू वाचलंच न्हाईस?"

"न्हाई. काय लिवलंवतंस?"

"समदी चूक माजीच व्हती, आसं. पन तू माफीच मागितली न्हाईस, तर मीबी ते खोडून टाकतो." त्याने मोबाईल बाहेर काढला.

"थांब की!" गेनबा ओरडला. "सारजे, माजा मोबाईल वाळला का बग, पळ!"

सारजाबाईने पिंपाचं झाकण लावलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"अजून वल्ला हाय," ती म्हणाली. "भावजी, तुमी खोडा निवांत. आन तिळगूळ घ्या दोगंबी."