ग गिरवण्याचे वतन

पेशवाईत पुण्यातल्या मोठ्या माणसाने स्वतःचे काम स्वतः करणे शोभत नसे. हुद्दा एकाच्या नावे असे आणि राबत दुसराच असे. त्या दुसऱ्याला मुतालिक म्हणत. त्यामुळे कसब्यातले यज्ञेश्वर पंतोजी आपल्या ओसरीवर पोरांना स्वतः अक्षरे शिकवतात, हे शहरात जरा कमीपणाचे समजले जाई.

अशात सरदार बजरंगरावांचा सहा वर्षांचा जयसिंग त्यांच्याकडे आला. सोबत त्याची दाई बायडाबाई होती आणि अनंतराव नावाचे भरघोस मिशांचे गृहस्थ होते. पंतोजींनी पाटीवर धूळ पसरली, ‘ग’ काढला आणि पोराचे बोट धरले.

"थांबा!" अनंतराव ओरडले. "धाकट्या सरकारांचे बोट धुळीत?"

"अहो, धूळपाटी आहे. बोट कुठे घालायचे?"

"बोट माझे राहील. मी त्यांचा मुतालिक."

त्यांनी सनद पुढे केली. धाकट्या सरकारांतर्फे अक्षरे गिरवण्याचे काम अनंतरावांना वंशपरंपरेने दिलेले होते. खाली शिक्का होता, आणि शिक्क्याशी वाद घालण्याचे पंतोजींचे वय उलटून गेले होते.

"चुकल्यास छडी कुणाला?" एवढेच त्यांनी विचारले.

"तीही माझ्याकडेच," अनंतराव बाणेदारपणे म्हणाले. पहिल्या छडीनंतर मात्र ते दुसऱ्या दिवशी दत्तोबा नावाच्या इसमाला घेऊन आले. तो छडी खाण्यापुरता त्यांचा मुतालिक होता.

मुतालिक नसलेले पोर म्हणजे घराण्याला बट्टा, असे पेठेत ठरायला आठवडा पुरला. महिन्याभरात ओसरीवर सतरा मिशाळ पुरुष मांडी घालून "गला काना गा" असे बेंबीच्या देठापासून ओरडू लागले. पोरे अंगणात भोवरे फिरवू लागली. पोरांची प्रगती पाहून पालक हरखून गेले.

झुरत होते ते पंतोजी. अक्षर जमले की पोर मान वर करून बघते, त्या एका नजरेसाठी त्यांनी तीस वर्षे धूळ खाल्ली होती. आता अक्षर जमले की अनंतराव मान वर करून बघत. पंतोजी तोंड फिरवीत.

एके दिवशी भोवऱ्याला कंटाळून जयसिंग अंगणात उकिडवा बसला आणि मातीत बोटाने त्याने ‘ग’ काढला. काना शेपटीसारखा लांबला होता, पण ‘ग’ होता. त्याने मान वर केली.

"शाब्बास!" पंतोजी भान विसरून ओरडले.

तासाभरात अनंतरावांची फिर्याद चावडीवर दाखल झाली: वतनात बेकायदा दखल. अख्खी चावडी उठून अंगणात आली. कारभाऱ्यांनी मातीतले अक्षर चारी बाजूंनी न्याहाळले. त्यांच्यातर्फे वाचणारा मुतालिक जेवायला गेला होता.

"वादातले अक्षर कोणते?" त्यांनी गंभीरपणे विचारले.

"ग हाय," जयसिंग म्हणाला. बोलायला तो बायडाबाईकडून शिकला होता.

"ऐकलेत?" अनंतराव म्हणाले. "आता वाचायलाही लागला!"

"अवो, बोट पोराचं, माती अंगणाची," बायडाबाई म्हणाली. "तुमचं काय गेलं त्यात?"

"बोट पोराचे, हे मान्य," कारभारी म्हणाले. "ग कुणाचा, हा प्रश्न आहे."

निवाडा झाला. ग अनंतरावांचा. मुलाने तो विसरावा आणि विसरल्याचा दाखला पंतोजींनी चावडीवर द्यावा.

पंतोजी रोज विचारीत, "जयसिंगराव, हे काय?" पोर रोज हसून सांगे, "ग!" बजरंगराव स्वतः येऊन हात जोडून गेले, "पंतोजी, घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे." पंतोजींनी त्या रात्री अन्न घेतले नाही. शिकवलेले पुसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सकाळी त्यांनी चावडीला अर्ज लिहिला. मुलगा ग खरोखर विसरला की नुसते ढोंग करतो, याची शहानिशा व्हायला त्याच्यापुढे इतर अक्षरे ठेवणे आवश्यक आहे. सबब, तुलनेपुरती बाकीची सर्व अक्षरे दाखवण्याची परवानगी असावी.

कारभाऱ्यांना अर्ज इतका नियमाला धरून वाटला की त्यांनी तत्काळ शिक्का मारला. जयसिंगने वर्षभर तुलना केली. स्वर झाले, व्यंजने झाली, बाराखडी झाली. वर्षअखेर दाखला चावडीवर गेला, मुलाच्या स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात: "मी ग विसरलो. जयसिंग."

कारभाऱ्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि समाधानाने दप्तरी दाखल केला. अनंतरावांना, मुलगा लिहायला शिकल्याबद्दल, शेला आणि नारळ मिळाला. वर्षभराच्या छड्यांवर दत्तोबाला हळद लावावी लागली.

वाचकांना हसू येत असेल. खुशाल हसावे. मात्र हसून झाल्यावर, उद्या शाळेत न्यायचा मुलाचा प्रकल्प पुरा करायला बसावे. त्याच्या बोटांना डिंक लागलेला आपल्याला चालत नाही.