भोंग्याला कोण बघणार?

“एक पोर बालवाडीत घालायची, त्यात एवढं काय!” मिरीच्या आईने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. दातांच्या दवाखान्यात टेबलाशी बसून ती रोज डझनभर रडकी तोंडं हसवून आत पाठवायची. तिथे घरच्या एका तोंडाचा काय पाड!

पण रजा संपत आली होती. “सोमवारी साडेनऊला खुर्चीत दिसा, नाहीतर दुसरी कोणीतरी बघतो,” असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आणि मिरी तर आई अंघोळीला गेली तरी दाराबाहेर मुक्काम ठोकायची!

म्हणून आठ दिवस आधीच घरात शाळा भरली. उशांची बाकं, पातेल्याची घंटा. आई झाली बाई आणि वर्गात दुसरं मूल हवं म्हणून सासरे भरती झाले.

“बाबा, तुम्ही नवीन मुलगा. तुम्ही रडायचं, मिरी समजूत काढेल. दुसऱ्याचे डोळे पुसताना आपलं रडू विसरायला होतं.”

“किती रडायचं?”

“झेपेल तेवढं.”

तिथेच चुकलं! आजोबांनी उभा जन्म पोस्टात शिक्के मारले होते. अभिनयाची संधी पहिल्यांदाच आली होती. त्यांनी असा टाहो फोडला की खालच्या काकू हातातल्या झाडूसकट धावत वर आल्या.

“कोण पडलं हो?”

“कोणी नाही काकू. बाबांची शाळा सुरू झालीय.”

“या वयात?”

मिरीने या नव्या मुलाचं नाव ठेवलं भोंगा. रोज त्याचं नाक पुसायचं, टकलावरून हात फिरवायचा, अर्धं बिस्कीट द्यायचं आणि सांगायचं, “आई डब्यानंतर येते हं, भोंग्या!” आठवडाभरात पोर इतकी तयार झाली की आईने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सोमवार उजाडला. शाळेच्या दारात बाकीची पोरं आयांच्या गळ्यात ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. मिरी मात्र ताठ मानेने आत गेली, तपासनीसासारखा सगळा वर्ग न्याहाळला आणि तडक बाहेर आली.

“भोंगा कुठंय?”

फाटकाजवळ उभे असलेले आजोबा एकदम खांबाआड झाले.

“अगं, ते आजोबा आहेत. शाळा तुझी आहे, राणी.”

“मग त्याला कोण बघणार? तो रडेल ना!” मिरीने उंबरठ्यावरच फतकल मारली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं!

बाईंनी हळूच विचारलं, “भोंगा तुमचा धाकटा का?”

“नाही... सासरे.”

बाईंनी हसू गिळलं. “बसू द्या त्यांना पाच मिनिटं.”

मिरीने आजोबांचं बोट धरून त्यांना आत नेलं आणि लाल चिमुकल्या खुर्चीत बसवलं. आई दवाखान्याकडे सुटली. साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना ती खुर्चीत होती! सव्वादहाला फोन वाजला.

“मी शाळेतून बोलतेय. जरा येता का?”

“रडतेय का?”

“छे! ती ठोकळे रचतेय. तुमच्या सासऱ्यांचं म्हणतेय मी. ते उठले की खुर्चीही उठते.”

आईने चाचरत डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्क खाली केला. “दात असता तर मीच उपटला असता. जा, वीस मिनिटांत या!”

बाईंनी आणि शाळेतल्या मावशींनी खुर्ची धरली, आईने सासरे धरले, आणि तिसऱ्या हिसक्याला दोघे सुटे झाले. तेवढ्यात मिरीने ठोकळ्यांतून मान वर केली. आई पटकन सासऱ्यांच्या आड झाली. आता बिलगणार!

“तू आत्ता का आलीस?” मिरी कपाळाला आठ्या घालून म्हणाली. “डब्यानंतर यायचं असतं! आणि ह्याला घरी ने. मी खेळायला गेले तर तो रडला. खोटं खोटं नाही, खरंच!”

“मी आपला भूमिकेत शिरलो होतो,” आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी खिसे चाचपले. “सूनबाई, रुमाल आहे का गं?”

“आहे बाबा. पण तो मला लागतोय.”