हिरवी घ्यावी का तांबडी

मार्तंडराव वकिलांनी रविवारी सकाळी चहा पिता पिता बायकोला सांगितलं, की आज दिवस मावळायच्या आत आपल्या दारात मोटार उभी राहणार आहे.

प्रेमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कसली मोटार?"

"एम.जी. इंग्लंडची गाडी. दोन माणसांची. सबंध उस्मानाबादेत एकाही वकिलाकडं अशी गाडी नाही."

"दोन माणसांची? मग मुलं कुठं बसायची?"

"ही गाडी बसायची नसते, चालवायची असते," मार्तंडराव म्हणाले आणि कोट चढवायला आत गेले.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये तर त्यांनी महिनाभर आधीच वर्दी देऊन ठेवली होती. शिकत असताना हैदराबादेत एका मित्राच्या फोर्डवर ते गाडी चालवायला शिकले होते, आणि तेव्हापासून इंग्रजी मोटारींची मासिकं मागवून वाचत होते. अशिलाची बाजू मांडताना त्यांना कधी एवढा चेव चढत नसे, जेवढा स्प्रिंगांविषयी बोलताना चढे.

गाडी विकणार होते जाफरसाहेब. त्यांच्या वडिलांची जहागीर होती. ती जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. हत्ती, तंबू, नोकरचाकर सगळं पांगलं होतं. उरल्या होत्या दोन मोटारी. एक हिरवी, आधीची, टी.सी. म्हणतात ती, उंच, बारीक चाकांची, चाकांना सायकलीसारख्या तारा. दुसरी तांबडी, तिच्यानंतर निघालेली टी.डी.; जरा बसकी, रुंद, भरीव चाकांची. इंजिन दोघींना सारखंच. आता घरात एकच ठेवायची, दुसरी वकीलसाहेबांना द्यायची, असं ठरलं होतं. कोणती, ते वकीलसाहेबांनी चालवून ठरवायचं.

"आप पसंद करो, वकीलसाब," जाफरसाहेब हिरवीची किल्ली पुढं करत म्हणाले. "जी तुम्ही सोडाल ती माझी. मला दोन्ही पोरींसारख्या."

बेत सोपा होता. बेंबळीपर्यंत मार्तंडरावांनी हिरवी न्यायची, जाफरसाहेबांनी मागून तांबडी आणायची. येताना अदलाबदल.

गाव मागं पडल्यावर मार्तंडरावांनी हिरवीला मोकळं सोडलं. रस्त्यातला खडान् खडा त्यांच्या पाठीच्या मणक्यात कळत होता, टोपी मघाशीच उडून मागच्या बाजूला पडली होती, आणि त्यांना इतका आनंद झाला होता, की एका वळणावर ते एकटेच मोठ्यानं हसले. असा आनंद त्यांना सनद मिळाली त्या दिवशीही झाला नव्हता. जाफरसाहेबांची तांबडी मागं कुठंतरी सावकाश येत होती.

बेंबळीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ होतं. देवळासमोर माणसांचा घोळका दिसला म्हणून मार्तंडरावांनी लांबूनच हॉर्न दिला. घोळका लग्नाचा होता. नवरदेवाला घोड्यावर चढवायचं चाललं होतं. त्याचा एक पाय रिकिबीत होता आणि दुसरा मामाच्या खांद्यावर. हॉर्न वाजला, पाठोपाठ हिरवीनं धुराड्यातून एक आवाज काढला, आणि घोडं झूल, गोंडे, सगळ्या साजासकट ज्वारीच्या रानात घुसलं. नवरदेव मामाच्या अंगावर पडला.

मार्तंडरावांनी गाडी थांबवली. नवरदेवाचे वडील वीरप्पा पटका सावरत पुढं आले. माणूस आडदांड होता, पण आवाज शांत होता.

"गाडी तुमची?"

"अजून माझी नाही. बघायला नेतोय."

"घोडं मातूर तुमीच पळिवलं."

"घोडं बुजलं. त्यात कायद्यानं माझी जबाबदारी..."

"कायदा ऱ्हाऊ द्या, साहेब. मुहूर्त जवळ आलाय, आन् घोडं रानात. नवरदेव मांडवात कशावर न्हेऊ? पायी न्हेला तर सोयरं जलमभर बोलत्याल."

मार्तंडरावांनी नवरदेवाकडं पाहिलं. पोरगं मुंडावळ्या सरळ करत होतं आणि डोळे फाडून हिरव्या गाडीकडं बघत होतं. वकिलांना भरून आलं. गाडीची कदर करणारा पहिला माणूस भेटला होता.

"बस," ते म्हणाले.

वाजंत्री पुढं, गाडी मागं, अशी वरात निघाली. तेवढ्यात तांबडी येऊन पोचली. नवरीकडची माणसं सामोरी आली होती, त्यांनी दोन्ही गाड्या बघितल्या आणि तिथंच अडून उभी राहिली. नवरीची आजी धुरपताबाई काठी टेकत पुढं झाली.

"तुमचा नवरदेव मोटारीत, आन् आमी धुरळा खात मागून यायचं व्हय? आमची काय पत न्हाय?"

वीरप्पांनी मार्तंडरावांकडं पाहिलं. मार्तंडरावांनी जाफरसाहेबांकडं पाहिलं. जाफरसाहेबांनी काही न विचारता खाली उतरून तांबडीचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "तशरीफ रखो, अम्मा."

म्हातारीला शब्द कळला नाही, पण वाकणं कळलं. ती राणीसारखी आत बसली.

आता हिरवीत नवरदेव, तांबडीत आजी, आणि पुढं ताशेवाले. ते दोन पावलं चालत आणि उभं राहून वाजवत. ज्या गाडीच्या वेगाची मासिकांतून तारीफ वाचली होती, तिला इथं गोगलगाईसारखं सरकायचं होतं. मार्तंडराव क्लच दाबत, सोडत, पुन्हा दाबत. प्रत्येक धक्क्याला नवरदेवाचं बाशिंग नाकावर येई. मागून धुरपताबाईचा आवाज आला.

"नवरदेवाची गाडी लई उडतीया. आमची बगा, पाळण्यावानी."

"तांबडीच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या आहेत," मार्तंडराव मान वळवून म्हणाले. "पण चालवणाऱ्याला खरी मजा हिरवीतच. रस्ता हाताला कळतो."

"रस्ता कळून काय करायचाय? डोळ्याला दिसतुया की," म्हातारी म्हणाली. जाफरसाहेब पहिल्यांदाच हसले. वरातीतल्या माणसांनी मग आपापली बाजू घेतली. वराकडच्यांनी हिरवीच्या तारांची चाकं वाखाणली, वधूकडच्यांनी तांबडीचा रंग. "हिच्यात पोती किती बसत्याल?" असं एकानं विचारलं, त्याला दोन्ही बाजूंनी गप्प केलं.

मांडव दिसू लागला आणि हिरवीच्या तोंडातून वाफ निघाली. आधी बारीक, मग चुलीवर ठेवलेल्या हंड्यासारखी. मार्तंडरावांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" वीरप्पा धावत आले.

"तापली."

"वकीलसाब, येताना तुम्ही तिला लई पळवली," मागून जाफरसाहेब म्हणाले. "वर ही अशी चाल. ती बिचारी काय करेल?"

बायकांनी कळशीतलं पाणी आणून दिलं, पण गाडी निवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. भटजी मांडवाच्या दारातून हात हलवत होते. नवरदेवाला तांबडीत बसवावं म्हणून माणसं मागं गेली, तर धुरपताबाई उतरेना.

"म्या मानानं बसलीया. मानानंच उतरंन. मांडवात."

शेवटी नवरदेवाला तांबडीच्याच मागं, दुमडून ठेवलेल्या टपावर चढवलं. तिथं तो इतका उंच बसला, की सगळ्या गावाला दिसू लागला. पोरी गच्च्यांवरून बोट दाखवू लागल्या. घोड्यावर बसला असता तर कोणी एवढं बघितलं नसतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पाठ ताठ केली. तांबडी मांडवाच्या दारात गेली तेव्हा ताशेवाल्यांनी हात मोकळे सोडून ताशे बडवले.

मार्तंडरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी चार गडी बोलावले आणि म्हणाले, "हिरवीही मांडवात जाईल. ढकला." आणि ते स्वतः चाकापाशी ताठ बसून, इंजिन बंद असलेल्या गाडीला वळण देत, मांडवापर्यंत गेले. लोकांनी त्यांनाही हार घातला.

अक्षता पडल्यावर वकीलसाहेब आणि जाफरसाहेब, दोघांना पटके बांधले. जाफरसाहेबांना गादीवर बसवलं. गावातली म्हातारी माणसं येऊन त्यांना सलाम करत होती, "सरकार" म्हणत होती. सलाम घेताना त्यांचा हात आधी अवघडला, मग सवयीनं उठू लागला. बुंदी त्यांच्या पत्रावळीवर तशीच राहिली होती.

जेवण झाल्यावर मार्तंडराव त्यांच्याजवळ सरकले. परतताना तांबडी अजून चालवायची होती, पण त्यांचा निकाल तयार होता.

"ठरलं, जाफरसाहेब. संसारी माणसाला तांबडी परवडते, हे मी मान्य करतो. पण मन हिरवीवरच आहे. हिरवी माझी."

जाफरसाहेबांनी पटक्याचा शेमला बोटांत फिरवला. "वकीलसाब, माफी द्या. मी आता एकही देत नाही," म्हणत त्यांनी हिरवीची किल्ली मागून घेतली.

"म्हणजे?"

"वीरप्पाचे दुसरे एक सोयरे ढोकीचे. पुढच्या इतवारी त्यांच्याकडं शादी आहे. दोन्ही गाड्या पाहिजेत म्हणाले. मी जुबान दिली."

"भाड्यानं?"

"तौबा. भाडं कशाला? इज्जतीनं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विकली तर मी गाडी विकणारा जाफर. दोन्ही घेऊन गेलो तर सरकार. आज कितीक वर्सांनी कुणी सरकार म्हणालं."

मार्तंडरावांच्या डोळ्यांपुढं बाररूम आली. सोमवारी तिथं काय सांगायचं, ते त्यांना सुचेना. रागवावं असंही वाटत होतं, पण गादीवरच्या त्या माणसाकडं बघून राग जमेना.

"पण दोन गाड्या तुम्ही एकटे कशा चालवणार?" त्यांनी विचारलं.

जाफरसाहेबांनी हिरवीची किल्ली दोघांच्या मधोमध गादीवर ठेवली.

हिरवी जाफरसाहेबांच्या दारात लावून, दिवे लागायच्या वेळी मार्तंडराव घरी पोचले. जाफरसाहेबांनी त्यांना तांबडीतून दाराशी सोडलं आणि गाडी निघून गेली. प्रेमलाबाई उंबऱ्यात येऊन रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिल्या, मग नवऱ्याच्या डोक्यावरच्या गुलाबी पटक्याकडं.

"मोटार कुठंय?"

मार्तंडरावांनी सगळी हकीकत सांगितली. घोडं, म्हातारी, वाफ, सलाम, काही गाळलं नाही.

"म्हणजे गाडी मिळाली नाही ती नाहीच," प्रेमलाबाई म्हणाल्या, "वर तुम्ही दुसऱ्याच्या गाडीचे डायवर झालात."

मार्तंडरावांनी आरशासमोर उभं राहून पटका दोन्ही हातांनी, एकही घडी न मोडता, अलगद उचलला आणि कायद्याच्या पुस्तकांवर ठेवला.

"येत्या रविवारी जेवायला मी नाही," ते म्हणाले. "ढोकीला जायचंय. नवरदेव माझ्या गाडीत आहे."