पुढून वहिनींचा, मागून दादाचा

टेबलावर चामडं पसरलेलं होतं आणि त्याच्या आसपास चहाचा कप घेऊन कुणी फिरकायचं नाही, असा हुकूम सुटला होता. हुकूम सोडणारी धाकटी स्वतः मात्र येता-जाता त्यावरून हात फिरवून जात होती. मेंढीचं मऊसूत चामडं, रंग डाळिंबाच्या दाण्याचा. जेमतेम एक टॉप निघेल, एवढंच.

धाकटी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई; पण थोरल्या भावाच्या घरात ती अजून धाकटीच. पोस्टात पाकिटांवर शिक्के मारण्यात तिची उमर गेली. करडा गणवेश, करडी खिडकी, करडे दिवस. शिक्के मारता मारता हाताला ताल सापडला, आणि तालाच्या मागे मागे जात ती बायकांच्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागली. शनिवारी पहिला कार्यक्रम होता.

"आजवर लोकांनी माझा नुसता हात पाहिलाय, खिडकीतून," ती म्हणाली. "एकदा तरी अख्खी दिसू दे."

टॉप तर शिवायचाच होता. प्रश्न एवढाच होता, की पॅटर्न कुणाचा.

घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं. एकावर वहिनी कपडे शिवायच्या, दुसऱ्यावर दादा चामड्याच्या बॅगा. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांच्या कात्रीला हात लावला नव्हता, म्हणून संसार सुखाचा झाला होता. आता हा टॉप नेमका दोन्ही टेबलांच्या मधोमध येऊन पडला.

"टॉप म्हणजे कपडा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या कागदी पॅटर्नांतून एक काढला. "हा बघा वन्सं. छातीशी दोन टक्स, गळा खोल नाही, उथळ नाही."

"चामडं म्हणजे कापड नव्हे," दादांनी मान हलवली. "एकदा सुई गेली की भोक जन्माचं. तुझ्यासारखं उसवून पुन्हा शिवता येत नाही." आणि त्यांनी आपला पुठ्ठ्याचा साचा पुढे केला: एक पुढची बाजू, एक मागची, आणि दोहोंना जोडणाऱ्या बाजूच्या रुंद पट्ट्या.

"अहो, ही तर ऑफिसची बॅग झाली! हिला बंद कुठे लावणार?"

"बॅग म्हण नाहीतर काही म्हण. आत घातलेलं बाहेर सांडत नाही."

"दादा!" धाकटी ओरडली.

शेवटी जुन्या चादरीचे दोन टॉप शिवून बघायचं ठरलं. धाकटीनं पालथ्या बादलीपुढे बसून, हातात लाटणी घेऊन दोन्ही वाजवून पाहिले. वहिनींचा टॉप अंगाला असा बसला, की जणू अंगावरच उगवला. पण हात वर गेला की टॉपही हौसेनं वर निघाला. दादाचा टॉप जागचा हलला नाही. धाकटी आत डावीकडे वळली, उजवीकडे वळली. टॉप समोरच बघत राहिला.

आता धाकटीचा स्वभाव असा, की कुणाचं मन मोडायची वेळ आली की ती ज्याला त्याला हो म्हणून मोकळी होई. स्वयंपाकघरात ती वहिनींच्या कानाशी लागली. "तुमचाच करू. पण दादाला इतक्यात बोलू नका हं, हिरमुसेल."

मग अंगणात दादाला गाठलं. "तुझाच रे. वहिनींना मात्र एवढ्यात सांगू नकोस."

दोघंही मनाचे मोठे. दोघांनीही ठरवलं, की समोरच्याला न दुखवता, गुपचूप काम उरकून टाकू.

दादा दोरा आणायला बाहेर पडले, तशी वहिनींनी कात्री उचलली. कपडे शिवणारी बाई सुरुवात करते ती पुढच्या भागापासून, कारण गळा साधला की निम्मं काम झालं. पुढचा भाग कापून होतो न होतो तोच फाटक वाजलं. त्यांनी कापलेलं टोक आत घेऊन चामड्याची गुंडाळी केली, तुकडा कपाटात ढकलला आणि उगाचच भांडी आवरू लागल्या.

मग वहिनी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेल्या आणि दादांनी चामडं कापायची रापी काढली. बॅगा करणारा सुरुवात करतो मागच्या बाजूपासून, कारण सगळा भार पाठीवर. त्यांनी गुंडाळी बाहेरच्या टोकानं लागेल तेवढीच उलगडली, साचा ठेवला, पाठ कापली आणि शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं कौतुकानं गुंडाळी पूर्ण उलगडली. चामड्याला दोन भोकं होती. एकातून वहिनी दिसत होत्या, दुसऱ्यातून दादा.

"अगं, तू कापलंस?"

"आणि तुम्ही काय केलंत? वन्संनीच सांगितलं होतं मला!"

"मलाही तिनंच सांगितलं!"

दोघांच्या माना एकदमच वळल्या. धाकटी चामड्याच्या भोकामागे तोंड लपवू पाहत होती. पण भोकामागे तोंड लपत नाही.

"मला वाटलं, तुम्ही आधी एकमेकांना विचाराल," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे. करड्यातच वाजवीन."

हे ऐकल्यावर मात्र दोन्ही टेबलं एकत्र सरकली. वहिनींचा पुढा, दादाची पाठ. टाचण्या चालणार नव्हत्या, म्हणून वाळत घालायचे चिमटे लावले. खांदे थोडे छाटल्यावर जुळले. पण दादांच्या पट्ट्या कापायला चामडंच उरलेलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही कुशींना चार-चार बोटांची फट.

"आतून काळी बनियन घालता येईल," वहिनी म्हणाल्या.

"आणि उरल्यासुरल्याच्या वाद्या काढतो," दादा म्हणाले. "बुटासारख्या ओवू."

शनिवारी धाकटी वाजवायला बसली. हात वर गेला की कुशीच्या वाद्या सैलावत, खाली आला की आवळत. टॉप तिच्याबरोबर श्वास घेत होता. दिव्यांखाली ती पिकल्या डाळिंबासारखी उकलली होती. शेवटच्या रांगेतून तिचा पोस्टमास्तर उठून उभा राहिला आणि शेजाऱ्याला विचारू लागला, "ही आमच्या खिडकीतली बाई का हो?"

घरी आल्यावर टॉप निघेना.

"गाठ बसलीय घामानं," दादा वाकून बघत म्हणाले. "वादी कापतो."

"कापायचं नाव काढाल तर बघा! वन्सं, हात वर करा जरा, मी सोडवते."

"हात उचलवत नाही हो वहिनी. वाजवून वाजवून भरून आलाय."

वहिनींनी काखेशी बोटं घातली. गाठ केव्हाची सुटलेली होती. सुटं टोक धाकटीनं कोपराखाली घट्ट दाबून धरलं होतं, आणि ती छताकडे बघत होती.

"काय झालं? सुटतेय का?" दादांनी विचारलं.

"छे हो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दिवा मालवला. "फार पक्की गाठ आहे. आज काही निघायची नाही."