उधोजीरावांची तीन सेलची गाडी

एका जंगलात सगळ्यांना रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलं होतं. हसू नका. तुमच्या घरात काय चालतं ते मला ठाऊक आहे.

त्या जंगलात राहायची जागासुद्धा शर्यतीवर मिळायची. पाच फेऱ्या, जिंकेल त्याला जागा. हा कायदा कुणी केला? ज्यांना आधीच गुहा होत्या त्यांनी.

त्या वर्षी नदीकाठचं एक खोल बीळ रिकामं झालं. साळिंदर साळूबाईचं बीळ ढासळलेलं. तीन पिल्लं घेऊन ती करवंदीच्या जाळीत राहत होती. आणि तरसअण्णा रोज संध्याकाळी जाळीभोवती सहज फेरी मारायचे. सहज, बरं का.

म्हणून तिला ते बीळ हवंच होतं.

गाडी तिची साधी. दोन सेलची बॅटरी, बेताची मोटर. मोटरच्या दांड्यावर दातांचं एक बारकं चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. दात वाढवले की गाडी जोरात पळते, पण मोटरला ओढ बसते आणि ती तापते. साळूबाई दोन फेऱ्या झाल्या की गाडी थांबवायची आणि मोटरवर बोट ठेवायची. बोट टिकलं तर पुढे. चटका बसला तर घरी जाऊन एक दात कमी. सराव करून करून ती बारा दातांवर आली होती.

तिच्यासमोर उतरले रानडुक्कर उधोजीराव. त्यांनी तीन सेलची बॅटरी घेतली. मोटर घेतली ती दुकानातली सगळ्यात जास्त फिरणारी.

दुकानदार घोरपड म्हणाली, "राव, सेल वाढवलात, मोटर आधीच दीडपट फिरणार. आता पिनियन तरी लहान लावा."

"लहान?" उधोजीराव फुरफुरले. "आमच्या घराण्यात लहान काही लावत नाहीत. बावीस दातांचं काढ."

दुकानात आलेल्या साळूबाईला राहवलं नाही. "अहो, जळेल ती!"

"बाई, तुम्ही आपले काटे सांभाळा."

शर्यत सुरू झाली. पंच कोण? तरसअण्णा.

पहिल्या फेरीत उधोजीरावांची गाडी अशी सुटली की माकडं फांदीवरून पडली. दुसऱ्या फेरीत जळका वास आला. तिसऱ्या फेरीत धूर निघाला, सागाच्या शेंड्यापर्यंत. गाडी जागच्या जागी बसली.

"वा!" माकडं ओरडली. "काय धूर आहे!"

साळूबाईची गाडी दोन फेऱ्यांनी थांबली. बोट. चार फेऱ्यांनी थांबली. बोट. पाचवी फेरी पुरी केली. पोचलेली गाडी ती एकच.

तरसअण्णा खाकरले. "साळूबाई, तुम्ही गाडी दोनदा थांबवलीत."

"मोटर बघायला."

"म्हणजे तुमचाच तुमच्या गाडीवर विश्वास नाही."

"अहो, पण माझी पोचली! यांची जळली!"

"पोचायचं काय घेऊन बसलात? गोगलगायही पोचते. जळेपर्यंत सगळ्यात जोरात कोण होतं?"

"उधोजीराव!" माकडांनी टाळ्या पिटल्या.

साळूबाईचे काटे ताठ झाले. "अण्णा, सरळ सांगा ना. मी बिळात गेले तर तुमचं संध्याकाळचं फिरणं बंद पडेल."

अण्णा नुसते हसले. तरस तसंही हसतंच.

बीळ उधोजीरावांना मिळालं. वाजतगाजत ते आत शिरायला गेले. डोकं गेलं, खांदे अडकले. चौघांनी मागचे पाय धरून ओढून काढलं. मग त्यांनी बिळात आपली जळकी मोटर ठेवली आणि बाहेर पाटी लावली: 'मोटर, बॅटरी व पिनियन मार्गदर्शन केंद्र'. तिथे आता रांग असते. ते सगळ्यांना बावीस दात सांगतात.

साळूबाई जाळीत आहे. पिल्लांना पोटाशी घेऊन, काटे फुलवून बसते. परवा मोजली तेव्हा पिल्लं दोन होती.

तात्पर्य: मुलांनो, गाडी नीट पोचवणं हा अडाण्यांचा उद्योग आहे. मोटरवर बोट ठेवून वेळ घालवू नका. बॅटरी मोठी लावा, पिनियन त्याहून मोठं लावा आणि लांबून दिसेल एवढा धूर काढा. जागा मिळेल. तिच्यात मावता की नाही, ते मागाहून बघता येतं.