मालूवन्संची सात पावलं

आमच्या मालूवन्सं दुकानातून बाहेर पडताना पावलं मोजतात. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. भाव पटला नाही की वस्तू खाली ठेवायची, पदर सावरायचा आणि निघायचं. सातव्या पावलाच्या आत मागून हाक येतेच. "खरा भाव पाठीला सांगतात, तोंडाला नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पिंपळगावला असतात. द्राक्षांच्या व्यापाऱ्यांना मळ्यात उभं करून भाव ठरवण्यात हयात गेली. मी नाशिकची, आणि त्यात बी.ए. नव्या नवलाईत मला घासाघीस म्हणजे कमीपणा वाटायचा. भाजीवालीनं दुप्पट मागितले तरी वर थँक्यू म्हणायचे. मेन रोडच्या दुकानदारांना इतकी सुशिक्षित सून फार आवडे.

त्याच शहाणपणात एका भाऊबीजेला मी वन्संसाठी साडी आणली. त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली. "रंग उतरंल गं, सुमे." मी ताठ्यात म्हटलं, नको असेल तर राहू द्या. त्यांनी साडी पाटावर ठेवली, पदर सावरला आणि निघाल्या. हे श्रीखंड आणायला गेलेले. मी दारात उभी. गल्लीच्या तोंडाशी त्यांची चाल मंदावली, ते मला दिसलं. हाक काही मारली नाही. पुढच्या चार दिवाळ्या त्या आल्या नाहीत. नंतर जाणं-येणं सुरू झालं, पण त्या साडीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

यंदा आम्ही दोघी म्हाताऱ्या एका सहलीच्या गटाबरोबर इस्तंबूलला गेलो. तिथल्या जुन्या बाजारात वन्संना जणू माहेरच सापडलं. भाषेचं काही अडलं नाही. दुकानदारानं कॅल्क्युलेटरवर आकडा दाबायचा, वन्संनी मान हलवून निम्मा दाबायचा, मध्येच चहा. मग उठून चालू लागायचं. पाचव्या पावलाला तो "मादाम, मादाम" करत मागे. मला राहवेना. एका दिव्यासाठी मीही निघून पाहिलं. चौदा पावलं गेले आणि रस्ता चुकले.

शेवटच्या दिवशी एका मॉलमध्ये वन्संच्या मनात एक शाल भरली. भाव लेबलवर छापलेला. इथं बोली चालत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी शाल खाली ठेवली, पदर सावरला आणि निघाल्या. काउंटरवरची मुलगी आपली स्वेटरच्या घड्या घालत राहिली. पाच. सहा. सात. आठव्याला वन्संची चाल मंदावली.

ती चाल माझ्या ओळखीची होती.

"वन्सं," मी हाक मारली, "या ना परत."

त्या वळल्या. सावकाश परत आल्या आणि माझं मनगट धरलं.

"लय वेळ लावलास, सुमे."

शाल छापील भावातच मी घेऊन दिली. वन्संनी सवयीनं ती बोटांत चोळून पाहिली. रंगाचं काही बोलल्या नाहीत.