सासूबाई डावीकडे सरकल्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, तेवढं आधीच पोटात घाला. शाळा आठवीत सुटली आणि भारी शब्द तिथेच राहिले. जे घडलं ते साध्या भाषेत सांगतो.

मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो. ही विद्या मला सरांनी दिली. सर म्हणजे माझे सासरे. त्यांचा टायपिंगचा क्लास होता. (लग्न होऊनही माझी जीभ 'बाबा' म्हणायला वळत नाही. ते बोलायला लागले की माझी बोटं आपोआप टेबलावर जागा घेतात.) त्यांचा एकच कायदा: पूर्णविरामानंतर मोकळ्या जागेच्या पट्टीवर अंगठा दोनदा पडलाच पाहिजे. एक जागा वाक्य संपलं म्हणून, दुसरी वाचणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून.

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सरांनी त्यांच्या आठवणींचं छोटं पुस्तक करायचं ठरवलं. डोळे अधू, तरी भिंग धरून सगळं घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाईप केलं. शेवटच्या पानावर सासूबाईंचा चेहरा होता, तोही टाईप केलेला. नुसत्या फुल्या, ठिपके आणि मोकळ्या जागा. हा चेहरा त्यांनी लग्नाआधी क्लासच्या मशीनवर पहिल्यांदा काढला होता. तो कागद वाळवीने खाल्ला, पण चेहरा बोटांत राहिला. सासूबाई फोटोला कधी उभ्या राहिल्या नाहीत, त्यामुळे आमच्याकडे त्यांची तेवढीच छबी.

छपाईच्या आदल्या दुपारी बायकोने पानं पाहिली. ती एका ऑफिसात पत्रं तपासायचं काम करते.

"अहो, हे काय? दर वाक्यामागे खिंडार! हल्ली एकच जागा सोडतात. आईचं पुस्तक दात पडल्यासारखं दिसतंय."

"सरांनी दोन सांगितल्यात."

"बाबांना पूर्णविराम दिसत नाही, जागा काय दिसणार? तुम्ही छापखान्यातले आहात की घरजावई?"

(मी दोन्ही आहे.)

सर आत झोपले होते. मी कॉम्प्युटरला हुकूम दिला: जिथे दोन जागा दिसतील, तिथे एक कर. एकदा केल्यावर काही उरल्या, म्हणून पुन्हा दिला. 'आता काही सापडत नाही' असं ते म्हणेपर्यंत देत राहिलो. अर्धवट काम मला आवडत नाही. मग फाईल सेव्ह केली, बंद केली आणि दोन प्रतींचा घोळ नको म्हणून जुनी प्रत पुसून टाकली. चित्राचा विचार मनात आला होता. पण चित्रात वाक्यं नसतात, तेव्हा त्याला काय होणार?

सर उठून आले. "दाखवा पाहू, जावईबापू. शेवटचं पान आधी."

मी शेवटचं पान उघडलं. सासूबाई डाव्या समासाशी गोळा झाल्या होत्या. दोन्ही कान एकाच गालावर, मधे नाक चेपलेलं.

सरांनी भिंग पडद्याला लावलं.

"ही कोण?"

"सा... सासूबाई, सर."

"भिंतीला चिकटून का उभी आहे?"

बायको पुढे झाली. "बाबा, एक जागा करा असं मीच म्हटलं यांना."

"तुझी आई या घरात कधी कोपऱ्यात उभी राहिली नाही गं," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. "आता माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. डोळे नाहीत तेवढे."

मग मला दिसलं, सरांनी डोळे मिटले होते, पण त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. अंगठा, अंगठा, अंगठा, मग करंगळी. मी कीबोर्डपुढे खुर्ची ओढली. त्यांचा अंगठा पडला की माझा पडायचा. त्यांचं बोट उठलं की माझं उठायचं. कपाळ आलं, भुवया आल्या. डोळ्यांपाशी त्यांचा अंगठा दोनदा पडला आणि थांबला.

"डोळ्यात काही भरायचं नाही. दोन मोकळ्या जागा, बस्स. पहिल्यांदा मी एकच सोडली होती, डोळे बारीक झाले. म्हणाली, मी काय संशयाने बघते का तुमच्याकडे? आठवडाभर अबोला."

बायको हसली आणि पदराने डोळे पुसले. अंधार पडायच्या आत सासूबाई पानाच्या मधोमध येऊन बसल्या.

"राहू द्या हो दोन," बायको म्हणाली. "सगळ्या पुस्तकात."

त्या मी हाताने एकेक करून परत घातल्या. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची छाती उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. तोंडाने माफी मागणं मला जमत नाही, म्हणून चार ओळी टाईप केल्या, कागद सरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि दाराआड उभा राहिलो. सरांनी भिंगातून सगळं वाचलं.

"जावईबापू!"

"जी सर."

"दर वाक्यामागे तीन जागा सोडल्यात."

"भीतीने पडल्या, सर."

"इतक्या लांबून मागितलेली माफी पोचत नाही," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "पुन्हा टाईप करा."